इलेक्ट्रिक गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह: तुलना नेमकी कशी करावी

इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा चालवणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांतच भुलतो. पाय दाबला की गाडी गुपचूप पुढे झेपावते. पण मोटर अगदी थांबल्या जागेपासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देत असल्यामुळे ही झेप जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत मिळते. निवड करताना तिचा उपयोग फारसा नाही. खरा फरक कळतो तो ब्रेकमध्ये, मागच्या सीटवर आणि महामार्गावरच्या वीजवापरात.

1. मार्ग तुम्ही ठरवा

यादीत दोन किंवा तीनच गाड्या ठेवा. त्या एकाच दिवशी, निदान सारख्या हवामानात चालवा, कारण थंडीत रेंज, म्हणजे एका चार्जवर कापता येणारं अंतर, घटते आणि तुलना बिघडते. सगळ्या गाड्यांसाठी रस्ताही एकच हवा. त्यात गर्दी, खड्डे किंवा गतिरोधक, एखादा चढ-उतार आणि सलग वेगात जाता येईल असा महामार्गाचा तुकडा असू द्या.

वेळ ठरवतानाच सांगून ठेवा की गाडी 100 टक्के चार्ज केलेली नको, 50 ते 80 टक्के चालेल. वेग कमी होताना मोटर जनरेटरसारखी चालते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. बॅटरी भरलेली असली की ही वीज घ्यायला जागाच नसते, म्हणून गाडी हे ब्रेकिंग कमी करते. मग त्या गाडीचा खरा स्वभाव कळत नाही.

2. निघण्याआधी बसून बघा

बॅटरी तळाशी असल्यामुळे बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत मागची फरशी उंच असते. गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून हे जाणवत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यात उंच माणसाला पूर्ण फेरीभर मागे बसवा. वायपर, एसी, काचेवरची वाफ घालवणं ही कामं स्क्रीनच्या किती आत दडली आहेत तेही बघा. रस्त्यावरची नजर काढावी लागत असेल तर माझ्या मते तो गंभीर दोष आहे.

3. ब्रेकला सगळ्यात जास्त वेळ द्या

रिजनरेटिव्ह ब्रेकिंगच्या पातळ्या बदलता येत असतील तर प्रत्येक पातळीवर थोडं चाला. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी हळुवार मंदावते की सगळ्यांना पुढे ढकलते? काही गाड्या नुसता पाय उचलून पूर्ण थांबतात, काही शेवटी सरकत राहतात. मग ब्रेक पेडल दाबून बघा. मोटरचं ब्रेकिंग संपून चाकांचे ब्रेक लागतात तो क्षण चांगल्या गाडीत कळतच नाही. काहींत मात्र पेडल मध्येच सैल किंवा कडक लागतं. गर्दीत रोज शेकडो वेळा तेच पेडल दाबायचं आहे, तेव्हा "सवय होईल" या आश्वासनावर विसंबू नका. मागे बसलेल्यांना मळमळलं का, हेही विचारा.

4. रेंज स्वतः मोजा

जाहीर केलेली रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीतून येते. युरोपात 2017 पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत सरासरी वेग ताशी सुमारे 46 किलोमीटर असतो. महामार्गावर चित्र बदलतं, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो.

म्हणून एसी चालू करून आधी आतली हवा स्थिरावू द्या, नाहीतर सुरुवातीची जास्तीची वीजही हिशोबात येते. मग ट्रिप मीटर शून्यावर आणा. महामार्गाचा तोच तुकडा, तोच वेग, जाऊन-येऊन चाला, म्हणजे चढ आणि वारा बऱ्याच अंशी सारखे होतात. समजा 100 किलोमीटरला 20 युनिट (किलोवॉट-तास, kWh) लागतात असं दिसलं आणि बॅटरीतली वापरता येणारी वीज 50 युनिट आहे, तर महामार्गावरची रेंज झाली 250 किलोमीटर. लांबच्या प्रवासात लोक बहुधा 10 ते 80 टक्क्यांतच चार्जिंग करतात, म्हणजे दोन थांब्यांमधलं अंतर 175 किलोमीटर. छोट्या फेरीतला आकडा अचूक नसतो, पण सगळ्या गाड्यांना एकच पद्धत लावली की तुलनेपुरता तो भरवशाचा ठरतो. त्या आधी टायरमधली हवा तपासा. कमी हवेची गाडी उगाच जास्त वीज खाताना दिसेल.

5. आवाज आणि चार्जिंग

इंजिन नसल्यामुळे टायरचा, वाऱ्याचा आणि सस्पेन्शनचा आवाज उघडा पडतो. म्युझिक बंद ठेवा. परत आल्यावर चार्जिंगची केबल स्वतः लावून बघा. सॉकेट पुढे आहे, मागे की बाजूला, आणि तुमच्या रोजच्या पार्किंगच्या जागी केबल तिथवर पोहोचेल का? स्टेपनी आहे का, हेही डिकी उघडून बघा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ती नसते.

प्रत्येक गाडीतून उतरल्यावर, पुढच्या गाडीत बसण्याआधी, चार ओळी लिहून काढा. तरीही दोन गाड्यांत अडकलात तर दुसरी फेरी अंधार पडल्यावर मागा. हेडलाइटचा झोत कुठवर जातो, स्क्रीनचा उजेड डोळ्यांना खुपतो का आणि मागचं दृश्य कॅमेऱ्यात किती स्पष्ट दिसतं, हे दिवसा तपासताच येत नाही.