शेक घेताना कातडी सांभाळली ती अशी

कॅन्सरसाठी डाव्या स्तनाला रेडिएशनचे, म्हणजे किरणोपचाराचे, १५ शेक होते, तीन आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी. ऐन मे महिना. आठव्या-नवव्या शेकापर्यंत काहीच नाही, मग कातडी लाल होऊन खाजायला लागली. खरा त्रास स्तनाखालच्या घडीत. तिथे घाम साचतो, कातडीला कातडी घासते.

शेजारच्या काकूंनी मायेनं हळद-चंदनाचा लेप आणून दिला. घेतला आणि कपाटात ठेवला. अंगाला लावला नाही, ते बरंच केलं. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून मोमेटासोन हे कातडीची आग-सूज कमी करणारं स्टिरॉइड मलम दिलं होतं, ते पातळ लावायचे. आंघोळ रोज, कोमट पाणी, सौम्य साबण, हातानंच, घासणी बंद. मग टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. तारेची ब्रा गेली, आईच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा घडीत ठेवू लागले. दोन तासांनी ओला झाला की दुसरा. एवढ्यानंच निम्मी आग कमी झाली.

शेवटचा शेक झाला, वाटलं सुटले. कसलं काय! त्यानंतरच्या आठवड्यात घडीतली कातडी सोलून ओली झाली, कपडा चिकटायला लागला. घरी उपाय करत बसले नाही, तडक दाखवलं. नर्सनं सलाइनच्या पाण्यानं धुऊन न चिकटणारी मऊ पट्टी लावली. ओल्या जागेवर मोमेटासोन बंद करायला सांगितलं. ताप आला, पू किंवा वास आला तर लगेच या, हेही बजावलं. दहा-बारा दिवसांत नवी गुलाबी कातडी आली. आता तिथे थोडा काळसरपणा आहे. उन्हात जाताना ओढणी घेते.