मका पिवळा पडला? युरिया टाकण्याआधी मुळं बघा

दहिसरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टोमॅटो निघाला की त्याच वाफ्यात आम्ही जूनमध्ये मका लावायचो. पहिल्या वर्षी कणसं छान भरली. दुसऱ्या वर्षी एका कोपऱ्यातली रोपं गुडघ्याएवढीच राहिली, पानं पिवळी पडली आणि माती ओली असूनही उन्हात माना टाकू लागली. नत्र कमी पडलं समजून युरिया दिला. फरक शून्य, पंधरा दिवस वाया.

खरा दोषी होता सूत्रकृमी, म्हणजे मातीतला धाग्यासारखा बारीक किडा: जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, तोंडातल्या सुईने मुळांतला रस ओढणारा. वरची लक्षणं नत्राच्या कमतरतेसारखीच, पण पिवळेपणा सगळीकडे न पसरता ठिगळांत दिसतो.

खरी फसगत मुळं बघताना होते. सूत्रकृमीमुळे टोमॅटोच्या मुळांवर येणाऱ्या गाठी लांबूनही दिसतात. मक्यावर त्या अगदी बारीक असतात, कधी नसतातही. मग 'गाठ नाही, म्हणजे मका निरोगी' म्हणत आपण त्याच मातीत भेंडी लावतो आणि मक्यावर पोसलेली फौज तिच्यावर तुटून पडते. उबदार मातीत साधारण महिन्याभरात एक पिढी पूर्ण होते, एक मादी शेकडो अंडी घालते. म्हणून टोमॅटो, वांगी, भेंडीनंतर मका लावणं हा पीकपालट धरू नका. रोप उपटूही नका, बारीक मुळं मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट काढा, बादलीत हलक्या हाताने धुवा आणि तपकिरी चट्टे, आखूड खुंटलेली मुळं शोधा.

खात्री प्रयोगशाळेत माती तपासूनच होते. मेलेल्या रोपाखालची माती नेऊ नका, तिथे खायला काही न उरल्याने सूत्रकृमी कमी सापडतात. ठिगळाच्या कडेच्या जिवंत रोपांजवळची, 15 ते 20 सेंमी खोलीपर्यंतची माती मुळांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीत ठेवा. वाळवू नका. देताना 'सूत्रकृमीसाठी' असं स्पष्ट सांगा, नेहमीच्या माती परीक्षणात ते कळत नाहीत.

सूत्रकृमी कमी करायला कडेला झेंडूची चार रोपं पुरत नाहीत, अख्ख्या वाफ्यात दोन-तीन महिने दाट झेंडू हवा. माती उन्हात तापवायची तर काळं नव्हे, पारदर्शक प्लास्टिक. ओल्या मातीवर, एप्रिल-मेमध्ये, चार ते सहा आठवडे. विषारी दाणेदार औषध मात्र गच्चीवर अजिबात नको, तिथे मुलं खेळतात. आणि खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्या कुंडीत घालू नका. सूत्रकृमी स्वतःहून वर्षात मीटरभरही सरकत नाही, त्याला फिरवतो आपणच.

यंदा आमच्या त्या वाफ्यात झेंडू आहे, दसऱ्याची तोरणं त्याचीच. मका नव्या मातीच्या पिशव्यांत, वेगळ्या खुरप्यासह.