कॅनडा–चीन मोटारव्यापाराची बातमी कशी तपासावी

जानेवारी २०२६ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी बीजिंगला जाऊन चीनशी व्यापारी समझोता करून आले आणि चिनी मोटारींना कॅनडाची दारे उघडल्याच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. तीच बातमी वाचून कोणी कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील मोटारकारखाने बुडाले असे म्हणतो, तर कोणी आता स्वस्त इलेक्ट्रिक मोटारी मिळणार असे सांगतो. अशी बातमी हाती आली की कागद-पेन्सिल घेऊन ती कशी उलगडावी, हे येथे सांगायचे आहे. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवावी: मथळ्यात चीनचे नाव असले, तरी कॅनडाच्या मोटारउद्योगाचे गणित शेवटी अमेरिकेच्या सीमेवर सुटते किंवा बिघडते.

प्रथम शुल्काचे थर वेगळे करावेत. ज्या देशाशी मुक्त व्यापार करार नाही, तेथील प्रवासी मोटारीवर कॅनडा ६.१ टक्के आयातशुल्क घेतो. चीनमध्ये तयार झालेल्या इलेक्ट्रिक मोटारींवर १ ऑक्टोबर २०२४ पासून याच्या जोडीला १०० टक्के अधिभार लागू झाला, म्हणजे एकूण भार १०६.१ टक्क्यांवर गेला. तीस हजार कॅनेडियन डॉलर आयातमूल्याची एक मोटार डोळ्यांसमोर आणावी. नुसत्या मूळ शुल्काने तिच्यावर १,८३० डॉलर चढतात आणि ती ३१,८३० डॉलरला पडते. अधिभारासह तीच मोटार ६१,८३० डॉलरला पडते. विक्रीकर आणि विक्रेत्याचा नफा यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. अधिभार हा बंदीच कसा ठरतो, हे या दोन आकड्यांवरून कळते.

दुसरे काम म्हणजे बोनेटवरचे नाव विसरून मोटार कोठे तयार झाली ते पाहणे. सीमाशुल्क खाते मूळ देश पाहते, मालक नव्हे. अधिभारापूर्वी चीनमधून कॅनडात येणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारींमध्ये मोठा वाटा शांघायच्या कारखान्यात तयार झालेल्या टेस्ला मोटारींचा होता. म्हणजे ‘चिनी मोटारी’ म्हणून ज्यांची आकडेवारी दिली जात होती, त्यातल्या बहुतेकांवर अमेरिकी कंपनीचे चिन्ह होते. मीही कितीतरी दिवस हे दोन हिशेब एकाच रकान्यात लिहीत होतो.

यानंतर कोट्याकडे, म्हणजे कमी शुल्कात आत येऊ शकणाऱ्या मोटारींच्या ठरलेल्या संख्येकडे वळावे. जानेवारीच्या समझोत्यानुसार वर्षाला ४९,००० पर्यंत चिनी इलेक्ट्रिक मोटारी ६.१ टक्के शुल्काने आत येऊ शकतात, आणि पाच वर्षांत ही मर्यादा सुमारे ७०,००० पर्यंत वाढवायची आहे. कॅनडात वर्षाला साधारण १८ लाखांहून अधिक नवी वाहने विकली जातात, हे या आकड्याशेजारी लिहिले की पहिल्या वर्षाचा वाटा तीन टक्क्यांच्याही आत राहतो असे दिसते. तरीही हा आकडा क्षुल्लक म्हणून सोडून देऊ नये. २०३० पर्यंत कोट्यातील निम्म्या मोटारी ३५,००० डॉलर किंवा त्याहून कमी आयातमूल्याच्या असाव्यात, अशी अट त्यात आहे, आणि याच किमतीत कॅनडातील कारखान्यांकडे स्वतःची इलेक्ट्रिक मोटार जवळजवळ नाही. स्पर्धा कोणत्या थरात होणार, हे एकूण संख्येपेक्षा या अटीतून अधिक कळते.

मग या बदल्यात काय मिळाले, ते शोधावे, आणि त्यासाठी ऑन्टारिओ सोडून सस्कॅचेवान प्रांताच्या शेतांकडे पाहावे. मोहरीच्या कुळातील कॅनोला हे तेथील प्रमुख पीक आहे. अधिभाराला उत्तर म्हणून चीनने मार्च २०२५ मध्ये कॅनडाच्या कॅनोला तेलावर, पेंडीवर आणि वाटाण्यावर १०० टक्के, तर डुकराच्या मांसावर आणि मासळीवर २५ टक्के शुल्क लावले. ऑगस्टमध्ये कॅनोलाच्या बियांवर ७५.८ टक्के तात्पुरते शुल्कही बसवले. समझोत्यात बियांवरील एकूण शुल्क १ मार्च २०२६ पर्यंत सुमारे १५ टक्क्यांवर येण्याची आणि पेंड, वाटाणा, शेवंडे व खेकडे यांना किमान वर्षअखेरपर्यंत त्या जादा शुल्कातून सूट मिळण्याची गोष्ट आहे. अशा निवेदनांतली क्रियापदे बारकाईने वाचावीत: कॅनडाच्या सरकारने चीनकडून ‘अपेक्षा’ व्यक्त केली आहे, आणि यादीत कॅनोला तेलाचे व डुकराच्या मांसाचे नाव नाही. सस्कॅचेवानचे प्रमुख स्कॉट मो यांनी समझोत्याचे स्वागत केले आणि ऑन्टारिओचे डग फोर्ड यांनी त्यावर कडाडून टीका केली, याचे कारण पक्षभेदापेक्षा या पिकात आणि त्या कारखान्यांत आहे.

आता मुख्य भाग. कॅनडाचा मोटारउद्योग १९६५ च्या कॅनडा–अमेरिका मोटार करारापासून दक्षिणेला माल विकण्यासाठीच उभा राहिला आहे. आजही कॅनडात तयार होणाऱ्या मोटारींपैकी बहुसंख्य अमेरिकेतच जातात. जुलै २०२० पासून लागू असलेल्या अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या उत्तर अमेरिकी करारानुसार शुल्कमाफीसाठी प्रवासी मोटारीच्या मूल्यातील ७५ टक्के भाग या तीन देशांतला असावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क लावले, पण करारात बसणाऱ्या मोटारीच्या बाबतीत ते फक्त अमेरिकेबाहेरच्या भागावर घेतले जाते. येथेही हिशेब करून पाहावा: ४०,००० डॉलरच्या मोटारीत निम्मे भाग अमेरिकी असतील तर शुल्क २०,००० डॉलरवर, म्हणजे ५,००० डॉलर होते. ज्या मोटारीत नफाच जेमतेम तेवढा आहे, ती कोठे बनवायची हे मग मुख्यालयात फार चर्चा न होता ठरते. स्टेलांटिस या मोटारकंपनीने जीप कंपासचे उत्पादन ऑन्टारिओतील ब्रॅम्प्टनऐवजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील बेल्व्हिडियर येथे नेण्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हा चिनी कोट्याचा समझोता झालाही नव्हता.

शेवटी, ‘चिनी कंपनी कॅनडात कारखाना काढणार’ अशी बातमी आली तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मोटारी विकायच्या कोठे? अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये केलेल्या नियमानुसार चीनशी संबंध असलेले संपर्क-सॉफ्टवेअर (मोटारीला बाहेरच्या जाळ्याशी जोडणारे) असणाऱ्या प्रवासी मोटारी २०२७ च्या मॉडेलपासून तेथे विकता येत नाहीत, आणि चिनी मालकीच्या उत्पादकांना तर जुळणी कोठेही केली तरी ही अडचण येते. म्हणजे असा कारखाना मुख्यतः कॅनडाच्या बाजारावर जगवावा लागेल. दुसरी, तिथे पत्रा ठोकण्यापासून रंगकामापर्यंत सगळे होणार, की बंद खोक्यांतून आलेले संच नुसते जुळवले जाणार? दुसऱ्या प्रकारात कामगार थोडे लागतात आणि ऑन्टारिओच्या विंडसर किंवा ऑशावा शहरातील सुटे भाग बनवणाऱ्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. तिसरी, बॅटरीचे सेल कोठून येणार? उत्तरे नोंदवताना शेजारी तारीख लिहावी, कारण उत्तर अमेरिकी करारातच १ जुलै २०२६ हा पहिल्या संयुक्त पुनरावलोकनाचा दिवस ठरलेला आहे, आणि तिन्ही देशांनी मुदतवाढीला होकार दिला नाही तर पुढे दर वर्षी हाच प्रश्न पुन्हा मेजावर येतो.