भरलेला ट्रक घाट उतरताना

पुण्याजवळ नवीन कात्रज बोगद्यातून साताऱ्याकडून येणारी गाडी बाहेर पडली की नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. रस्ता रुंद आणि सरळसोट असल्यामुळे तो उतार डोळ्यांना जाणवत नाही. डिझेल वाचेल म्हणून कित्येक चालक तिथे गाडी न्यूट्रलवर सोडतात. या पट्ट्यात पुन्हापुन्हा झालेल्या भीषण अपघातांनंतर हेच कारण वारंवार पुढे आलं आहे.

म्हणून सगळ्यात आधी डिझेलचा हिशेब. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे आजच्या जवळजवळ सगळ्या ट्रकांत, गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडायचंच थांबवतात. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहतं. थोडक्यात, न्यूट्रलने काहीच वाचत नाही. आणि इंजिन बंद करून उतरणं त्याहून घातक: ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, ती हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकसरशी टाकीतली हवा कमी होत जाते आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

आता ब्रेक का जातो ते पाहू. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. ४० टनांच्या गाडीच्या बाबतीत यातून निघणारी उष्णता साडेसहाशे लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. हवा आणि टायर यांच्या वाट्याला त्यातली थोडीच जाते. बाकीची एकतर इंजिन घेईल, नाहीतर ब्रेकचे ड्रम. ड्रम तापले की फुगतात, लायनरपासून, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अस्तरापासून, दूर सरकतात आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटते. पेडल दाबलेलं असतं, हवेचा काटाही ठीक दाखवत असतो, पण गाडी थांबत नाही.

घाट सुरू होण्याआधी थांबा. हवेचा दाब पूर्ण भरू द्या. एक्झॉस्ट ब्रेक लागतो का ते पाहा. पावसाळ्यात हवेच्या टाकीत साठलेलं पाणी काढून टाका. टायर, लायटी आणि लोडची बांधणी यांवरही एक नजर फिरवा. ओव्हरलोड असेल तर खाली लिहिलेलं काहीही पुरेसं पडणार नाही, हे मनापासून सांगतो.

गियर घाटमाथ्यावरच, उतार लागण्याआधी टाका. जुने चालक सांगतात, ज्या गियरने घाट चढतो त्याच गियरने उतरायचं. आजच्या ताकदवान इंजिनांना चढाला वरचा गियरही चालतो, तेव्हा त्याहून एक गियर खालीच ठेवा. भर उतारात गियर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्येच अडकते आणि क्षणाक्षणाला वेग वाढत जातो. ही चूक दुरुस्त करायला दुसरी संधी बहुधा मिळत नाही.

एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग धरून ठेवणारी यंत्रणा) सुरुवातीपासून चालू ठेवा. एक्झॉस्ट ब्रेक धुराची वाट अडवतो, त्यामुळे इंजिन चांगलं फिरत असतानाच, म्हणजे खालच्या गियरमध्येच, तो जोर दाखवतो. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात जाणार नाही एवढं बघा. रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तर मात्र जपून, मागची चाकं घसरू शकतात.

पायाचा ब्रेक सतत घासत ठेवू नका. समजा, त्या उतारासाठी तुम्ही ४० चा वेग ठरवला आहे. काटा ४० वर आला की ब्रेक ठाम दाबा, वेग ३२ च्या आसपास आणा आणि पाय पूर्ण उचला. गाडी परत ४० वर येईपर्यंत ड्रमला वारा लागतो. वेग पाटीवरच्या मर्यादेहून कमी असला तरी बिघडत नाही. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या. लहान गाडीवाल्यांनाही विनंती: उतरत्या ट्रकच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका, ती मोकळी जागा त्याने थांबण्यासाठी राखलेली असते.

जळका वास आला, पेडल जास्त दाबावं लागू लागलं किंवा हवा कमी झाल्याचा बझर वाजला, तर सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्या. चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि ड्रम निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो.

आणि ब्रेक गेलाच तर? गियर काढू नका, इंजिन बंद करू नका. हॉर्न, हेडलाइट, चारही इंडिकेटर चालू करा. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू लावा. वाळू-खडीचा रॅम्प असेल तर बिनदिक्कत त्यात घाला. नसेल तर दरीपेक्षा डोंगराची बाजू धरा आणि बॉडी घासत वेग उतरवा. गाडीचं नुकसान होईल, होऊ द्या.

घाट संपल्यावर सपाटीला थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका. एखादं चाक इतरांपेक्षा फार तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय. एखादं अगदीच थंड असेल तर तो ब्रेक कामच करत नाहीये आणि त्याचा भार बाकीच्यांनी उचलला आहे. दोन्ही मेकॅनिकला दाखवा, पुढचा घाट त्यानंतरच.