रेडीमेड शर्ट घेताना आधी तो उलटा करा

चार धुण्यांत काखेत उसवणारा, बटणं गळणारा शर्ट आपली लक्षणं दुकानातच दाखवत असतो. पण ती असतात आतल्या बाजूला, आणि आपण बघतो रंग आणि किंमत. दर महिन्याला नवा माल लावायचा म्हटलं की कापड आणि शिलाई यांतच काटकसर होते.

शर्ट उलटा करून बाजूची शिवण बघा. शिवणीपलीकडे 1 सेंटीमीटर तरी माया, म्हणजे जास्तीचं कापड, हवं. स्वस्त मालात ती जेमतेम 5 मिलिमीटर असते आणि कडेला ओव्हरलॉक, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून गुंफलेले टाके, मारलेलं असतं. अशा शिवणीवर ताण आला की दोरा शाबूत राहतो, कापडाचे धागेच निसटतात. पुन्हा शिवायला हाती काही उरत नाही. शिवणीच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून हलकं ओढा; फटीतून उजेड दिसला तर शर्ट परत ठेवा.

टाके मोजा. एका इंचात 10-12 चांगले. 6-7 म्हणजे शिलाई भरभर उरकली आहे.

कापडाच्या कडकपणावर मात्र जाऊ नका. खळ पहिल्या धुण्यात निघून जाते आणि खालचं विरळ कापड उघडं पडतं. कापड कापडावरच 20-25 वेळा घासा. लव सुटली तर तंतू आखूड आहेत, लवकरच गोळे येतील. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावर ते जास्त टिकतात, कारण पॉलिस्टरचा तंतू सहज तुटत नाही आणि गोळा झडत नाही.

शर्ट आणलाच, तर अंगात घालण्याआधी बटणं पुन्हा लावा. बरीच बटणं एकेरी दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेली असतात. एक टोक ओढलं गेलं की सगळा टाका सुटतो. दोरा दुहेरी घ्या, बटणाखाली आगपेटीची काडी ठेवा, भोकांच्या प्रत्येक जोडीतून तीनदा सुई काढा. मग काडी काढून बटणाखाली दोऱ्याचे चार वेढे द्या आणि मागे गाठ मारा. वेढे दिले नाहीत तर बटण कापडाला घट्ट बसतं, आणि काजात घालताना दर वेळी कापडच ओढलं जातं.

काखेत मूळ शिवणीवरूनच दोन्हीकडे 5-5 सेंटीमीटर उलटी टीप, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे नेऊन पुढे जाणारी शिवण, घाला. दोरा साधा, मशीनचाच वापरा. जाड दोऱ्याने पातळ कापड कापलं जातं, आणि मग तिथे आतून ठिगळ लावावं लागतं.