पक्षी एक, कान तीन: इंग्रजीतले आवाजी शब्द वापरताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की पावशा ओरडायला लागतो. आपल्या शेतकऱ्याला त्यात ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ऐकू येतं, हिंदी मुलखात ‘पी कहाँ’, आणि इथल्या उकाड्यानं हैराण झालेल्या इंग्रजांना ऐकू आलं ‘ब्रेन फीवर’. त्यांनी त्या बिचाऱ्याचं नावच ब्रेनफीवर बर्ड ठेवलं. पक्षी एक, कान तीन.

तेव्हा पहिली चूक म्हणजे, आवाज सगळीकडे सारखा म्हणून शब्दही सारखाच असेल असं धरून चालणं. आपला कोंबडा कुकूचकू करतो, इंग्रजांचा कॉक-अ-डूडल-डू. आपलं कुत्रं भो भो करतं, त्यांचं वूफ नाहीतर बाउ-वाउ. इथे अंदाज चालत नाही. हे शब्द बाकीच्या शब्दांसारखे पाठच करावे लागतात.

खरी गडबड मात्र वाक्यात होते. मराठीत आवाज दुप्पट केला आणि पुढे ‘करणे’ लावलं की काम झालं: माश्या गुणगुण करतात, पानं सळसळ करतात. हीच सवय घेऊन मुलं लिहितात, ‘द बीज वेअर डूइंग बझ-बझ’. इंग्रजीत आवाजाचा शब्द स्वतःच क्रियापद होतो, म्हणून ‘द बीज वेअर बझिंग’ एवढं पुरतं. ‘डू’ नको, दुसरा ‘बझ’ही नको. ‘धाडकन’, ‘धपकन’ यांचंही तसंच. दार धाडकन लागलं तर ‘द डोअर बँग्ड शट’, पोतं धपकन पडलं तर ‘इट फेल विथ अ थड’.

मग एकदाच झालेला आवाज आणि सारखा होणारा आवाज यांतला फरक इंग्रजी दाखवते कसा? आपण एकदाच झालेल्याला ‘कन’ जोडतो आणि सारख्या होणाऱ्याला दुप्पट करतो: फांदी कडकन मोडते, विजा कडकड करतात. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा शब्दाच्या शेपटीतला ‘ल’ किंवा ‘र’ करतो. क्रॅक म्हणजे कडकन, क्रॅकल म्हणजे चुलीतल्या लाकडांची तडतड. पॅट म्हणजे हलकी थाप, पॅटर म्हणजे पत्र्यावरची टपटप. रॅटल, क्लॅटर, चॅटर ही याच कुळातली. (बॉटल आणि बटरमध्ये असा आवाज शोधायला जाऊ नका.) हे एकदा ध्यानात आलं की अनोळखी शब्दाचाही निम्मा अर्थ लागतो. शेवटी ‘प’ आला की आवाज पटकन तुटतो, जसं टॅप, स्नॅप, क्लॅप. ‘ङ्ग’ असेल तर घुमत राहतो: क्लँग, रिंग.

इंग्रजीतही जोडशब्द आहेत, पण तिथे बहुतेक वेळा स्वर बदलतो. आपलं घड्याळ टिकटिक करतं, त्यांचं टिक-टॉक. डिंग-डाँग, क्लिप-क्लॉप, पिटर-पॅटर. ‘इ’ नेहमी आधी येतो, टॉक-टिक कोणी म्हणत नाही.

उच्चाराच्या दोन खोड्या. व्हिसल आणि रसल यांच्या स्पेलिंगमधला ‘टी’ मुका आहे, म्हणून ‘रस्टल’ म्हणू नका. आणि पाणी खळखळतं ते ‘गर्गल’. ‘गार्गल’ म्हणजे गुळण्या. एका निबंधात मी सबंध नदीला गुळण्या करताना वाचलंय. भूतकाळातही जपून: रिंगचं रँग होतं, पण क्लँगचं क्लँग्ड.

हे शब्द आवाज सोडून भलतीकडे गेले की शब्दशः घेतल्यास फसायला होतं. ‘इट क्लिक्ड’ म्हणजे डोक्यात प्रकाश पडला, ‘इट रिंग्ज अ बेल’ म्हणजे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय, ‘हश मनी’ म्हणजे तोंड बंद ठेवायला दिलेले पैसे. यात नवल नाही. आपली ‘कटकट’ तरी आता कुठे नुसता आवाज राहिली आहे?

शेवटची चूक उलट दिशेची, आणि ती मोठी माणसंही करतात. चमचम, लुकलुक, गुळगुळीत हे शब्द दिसतात आवाजासारखे, पण त्यांत आवाज नसतो. मराठी उजेडाला आणि स्पर्शालाही असे शब्द सढळ हातानं देते. इंग्रजीत त्यांचा थेट जोडीदार शोधणं फुकट जातं. उजेडापुरतं एक घराणं सापडतं: ग्लिटर, ग्लीम, ग्लो, सगळी ‘ग्ल’नं सुरू होणारी. अशा अक्षरगटांकडे १९३० मध्ये जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं लक्ष वेधलं. त्याआधी ते लाहोरला इंग्रजी शिकवत होते. पण स्पर्शाच्या बाबतीत इंग्रजीचा हात आखडता आहे. बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत या तिघांना मिळून ‘स्लायमी’ नाहीतर ‘मशी’वर भागवावं लागतं, आणि बिघडलेल्या भेंडीच्या भाजीचं वर्णन इंग्रजीत करायची वेळ आली की ते फार जाणवतं.