वर्डमध्ये ≤, − आणि ° ही चिन्हं खरी टाका

अंशाच्या चिन्हासाठी शून्य वर चढवून लिहिलेलं 37⁰ साध्या मजकुरात पेस्ट केलं की थेट 370 होतं. असा घोटाळा एकदा पाहिला, तेव्हापासून मी खरं चिन्हच टाकते. त्याला ‘इन्सर्ट’मधल्या तक्त्यात शोधत बसावं लागत नाही.

1. विंडोजवरच्या वर्डमध्ये चिन्हाचा कोड टाइप करा. आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच हवेत, देवनागरी चालत नाहीत.
2. लगेच ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा. कोडच्या जागी चिन्ह येतं.

कोड असे: वजा 2212, ≤ 2264, ≥ 2265, ≠ 2260. वजाचं तर आवर्जून करा. हायफन आखूड असतो, अधिकच्या चिन्हाशेजारी खुजा दिसतो. अंशासाठी ऑल्ट दाबून धरा आणि न्यूमेरिक पॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर) 0176 टाइप करा, गुणाकारासाठी 0215.

कोड आठवत नसेल, तर आधीच्या फाइलमधल्या चिन्हाच्या लगेच नंतर कर्सर ठेवून तेच ऑल्ट-एक्स दाबा, कोड दिसतो. पुन्हा दाबलं की चिन्ह परत.

एक जपा: कोडला चिकटून आधी आकडा असेल, तर वर्ड तोही कोडमध्ये ओढतो. तिथे फक्त कोडचे चार आकडे सिलेक्ट करून मगच ऑल्ट-एक्स दाबा.